डावा प्लग पांढरा का: राजदूत ३५०च्या दोन कार्बोरेटरांचं एक प्रकरण

(गाडीमालकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गाडीचे आणि माझ्या चुकांचे तपशील आहेत तसे ठेवलेत.)

पार्श्वभूमी

गाडी १९८६ची राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० बी वरून एस्कॉर्ट्सने १९८३ साली आपल्याकडे बाजारात आणलेली ही गाडी. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. आधीची एचटी म्हणजे हाय टॉर्क ३०.५ हॉर्सपॉवरची, नंतरची एलटी म्हणजे लो टॉर्क २७ची. आपली एलटी. पुढे ड्रम ब्रेक, त्यामुळे पळते तेवढी थांबत नाही ही तिची ख्याती. पेट्रोल इतकं पिते, की त्या काळी घेणाऱ्यापेक्षा विकणारे जास्त भेटायचे. आज उलटं आहे.

या प्रकरणापुरतं एक समजून घ्यायला हवं. हे इंजिन म्हणजे चाळीतली शेजारशेजारची दोन बिऱ्हाडं. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्ब (हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर), स्वतःचा रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी, परत न जाऊ देणारी पाती), स्वतःचे पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे). सामाईक काय, तर पेट्रोलचा नळ, ऑइल पंप आणि थ्रॉटलची मूठ. एका घरात भांडण झालं तर ते दुसऱ्या घरात दिसेलच असं नाही.

मालक काका अडुसष्टचे, भांडुपला राहतात. १९९१ला सेकंडहँड घेतलेली ही गाडी ते रोज कुर्ल्याला कामावर नेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी गाडी कुर्ल्यातल्या कंपाउंडमध्ये उभी होती. काका कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले, गाडी दोन दिवसांनी टेम्पोतून आली. मग जिन्याखाली ताडपत्रीत अठरा वर्षं. निवृत्तीनंतर २०२३मध्ये त्यांनी ती बाहेर काढली.

इंजिनाचं काम एका मिस्त्रींकडे झालं: बोअर, नवे पिस्टन, क्रँक, आणि त्यांच्या शब्दांत "सगळे सील नवे". कार्ब मात्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांतून माझ्याकडे आले. माझा हा धंदा नाही, नाद आहे. शनिवार-रविवार जुन्या गाड्यांचे कार्ब उघडतो, एवढंच.

(कायद्याने ही गाडी व्हिंटेज नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे २०३६पर्यंत ती नुसतीच जुनी. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहणारी.)

कार्ब उघडले तेव्हा

फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बमध्ये पेट्रोल साठतं तिथे, पांढरी पावडर साचली होती. पाण्याने खाल्लेलं ॲल्युमिनियम. पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारं पितळी भोक) दोन्हीकडे ठार बंद, डावीकडची स्लाइड (मुठीबरोबर वरखाली होणारी हवेची झडप) अर्ध्यात अडकलेली. अल्ट्रासोनिक टबात तीन फेऱ्या, मग प्रत्येक भोकातून आधी कार्ब क्लीनरचा फवारा आणि मग कंप्रेसरची हवा. पायलटच्या वाटेची बारीक भोकं बॉडीत अगदी स्लाइडच्या पायाशी असतात. तिथून फवारा बाहेर पडताना डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी कार्ब बंद करत नाही. जेटमधून उजेड दिसला म्हणजे कार्ब साफ झाला, असं मानणाऱ्यांच्या गाड्या पुन्हा येतात.

इथे पहिला निर्णय होता. बाजारात रिपेअर किट मिळतात: गॅस्केट, ओरिंग, फ्लोटची सुई, आणि त्यासोबत जेट आणि स्लाइडला लटकणारी लांब सुईसुद्धा. जुनं पितळ (जेट आणि सुई) साफ करून परत टाकायचं, की किटमधलं नवं? काका म्हणाले, "अरे, नवं आणलंयस ना, मग नवंच टाक." मलाही चकचकीत पितळ बघून मोह झाला. नवं टाकलं.

नशीब एवढंच, की जुनं पितळ औषधाच्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवलं होतं, डावं वेगळं आणि उजवं वेगळं.

अडचण

गाडी दुसऱ्या किकला उठली. टाळ्या, पेढे, काकूंनी हेडलाइटला हळदकुंकू. चार मिनिटं आयडल (मूठ सोडलेली असतानाचं चालणं) छान. इंजिन तापलं तसं काहीतरी बिनसलं. रेस आपोआप चढायला लागली, मिनिटाला बाराशे फेऱ्यांवरून पंचवीसशे. थ्रॉटल झटकून सोडला तर रेस उतरेना. वर लटकून राहायची आणि मग रडतखडत खाली यायची.

भांडुप ते मुलुंड एक फेरी मारून प्लग काढले. उजवा काळपट तपकिरी, डावा खडूसारखा पांढरा. लेझरच्या थर्मामीटरने सायलेन्सरचा बाक मोजला, सिलिंडरपासून दोन बोटं खाली. डावा उजव्यापेक्षा चाळीसेक अंशांनी गरम.

पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. फोर-स्ट्रोकमध्ये याने गाडी बहुतेकदा नुसती कुरकुरते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन पकडतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो, कारण पेट्रोलच्या मिश्रणातूनच आतल्या भागांना तेल आणि थंडावा मिळतो.

मी काय केलं आणि का चुकलं

कार्ब माझा होता, म्हणून दोष कार्बमध्येच असणार असं धरून चाललो. डावीकडचा एअर स्क्रू दीड फेऱ्यांवरून अर्ध्या फेरीवर आत घेतला. या मिकुनी जातीच्या कार्बमध्ये तो स्क्रू हवेचा असतो: आत घेतला की मिश्रण घट्ट, बाहेर काढला की पातळ. थोडा फरक पडला. मग डावीकडे पायलट जेट एक नंबर मोठा. आणखी फरक. मग डाव्या सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, म्हणजे मधल्या रेसला पेट्रोल जास्त. आयडल आता स्थिर झालं होतं. मी खूश, काका खूश.

तीन शनिवार असे गेले.

खरं तर त्या तिसऱ्या शनिवारी माझ्यासमोर दोन कार्ब होते. एकाच कारखान्याचे, एकाच दिवशी एकाच टबात धुतलेले, आणि त्यांचं सेटिंग एकमेकांपासून इतकं लांब गेलं होतं की ते एका गाडीचे वाटत नव्हते. हे बघून तिथेच थांबायला हवं होतं. पण आयडल सुधारत होतं ना! सुधारणा दिसली की माणूस प्रश्न विचारणं सोडतो.

पुढच्या रविवारी काका पहाटे पूर्व द्रुतगती मार्गाला लागले. तिसऱ्या गिअरमध्ये पाचेक मिनिटं एकसारख्या रेसवर चालवून त्यांनी पुढच्या सिग्नलसाठी थ्रॉटल सोडला. रेस खाली आली नाही. आणि मग एकदम इंजिन जड झालं, मागून कोणी कॅरिअर धरल्यासारखं. काकांनी क्लच दाबला. १९९१पासूनची सवय, दोन बोटं कायम क्लचवर. गाडी कडेला येऊन बंद पडली. पंधरा मिनिटांनी किक मारली तर फिरली. त्यांनी मला फोन केला तेव्हा गाडी चालू करून बघितली नव्हती, यासाठी मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

सायलेन्सर सोडून एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारला. डाव्या पिस्टनवर अंगठ्याएवढ्या भागात उभे ओरखडे. उजवा आरशासारखा.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी काका, त्यांचा मुलगा आणि मी जिन्याखाली बसलो. प्रत्येकाच्या मनात वेगळं होतं.

मुलाचं म्हणणं, दोन्ही कार्ब काढून नवी जोडी बसवू, खर्च गेला चुलीत. सोपं वाटतं, पण नव्या कार्बचं जेटिंग या इंजिनासाठी पुन्हा शून्यापासून करावं लागलं असतं, आणि दोष इंजिनात असेल तर नवे कार्बही डावीकडे पांढरा प्लगच दाखवतील. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "डावा मेन जेट (पूर्ण रेसचा) मोठा करा, सगळ्या आरडी अशाच असतात." हे मला जवळजवळ पटलं होतं. मी तेच तर तीन आठवडे करत होतो.

काका म्हणाले ते मात्र बरोबर निघालं. "तू डावीकडचं सामान उजवीकडे टाक. आजार त्याच्याबरोबर गेला तर सामानाचा, नाही गेला तर घराचा."

अख्खे कार्ब उलटे बसवणं अवघड, कारण ते एकमेकांचे आरसे आहेत आणि स्क्रू मधल्या फटीत अडकतात. म्हणून आतलं पितळ आणि फ्लोटच्या सुया अदलाबदल केल्या, दोन्ही एअर स्क्रू दीड फेरीवर ठेवले आणि उभ्या गाडीवर थोडंच चालवलं. दोन तासांचं काम, खर्च शून्य. डावा प्लग पांढराच.

म्हणजे डावीकडे हवा दुसरीकडून येत होती.

हवा शोधली कशी

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते, तिने कार्बमधून मिश्रण ओढलं जातं. क्रँकच्या टोकाचा सील (शाफ्टभोवतीची रबरी कडी) झिजला असेल तर तीच पोकळी बाहेरची कोरडी हवाही ओढते. या गाडीत डाव्या टोकाला मॅग्नेटो (वीज बनवणारा भाग) आणि पॉइंट आहेत, तिथला सील गेला की नुसती हवा येते. उजव्या टोकाला क्लच आहे, तिथला गेला की गिअरचं तेल ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे ढग निघतात. आपल्याकडे धूर नव्हता.

तपासायची पद्धत सोपी: इंजिनाची सगळी तोंडं बंद करायची, आत साधारण सहा पीएसआय दाब भरायचा आणि तो किती वेळ टिकतो ते बघायचं. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त पडू नये, असा आम्हा लोकांचा ढोबळ हिशोब.

यासाठी लागणारा गेज माझ्याकडे नव्हता. काकूंचं बीपी मोजायचं मशीन होतं, फुग्याचं आणि गोल डायलचं. त्या डायलवर पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत आकडे असतात आणि ३०० म्हणजे ५.८ पीएसआय. याहून चांगलं काय हवं? जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली, उरलेल्या लोखंडी अंगात पितळेची नळी डाग देऊन बसवली आणि बीपीची रबरी नळी तिच्यावर चढवली. कार्ब काढून त्या जागी नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली रबरी बुचं क्लॅम्पने आवळली. एक्झॉस्टच्या फ्लँजखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पत्रा. डावा पिस्टन खाली आणला, म्हणजे पोर्ट उघडून दाब क्रँककेसपर्यंत पोचतो. मग काकूंनी स्वतः फुगा दाबला. ("तुम्हाला सवय नाही, हळूहळू दाबायचं असतं.")

काटा २९०वर चढला आणि अर्ध्या मिनिटात शून्यावर आला.

साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं. उजव्या मॅनिफोल्डच्या (कार्ब इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) रबराला एक बारीक बुडबुडा, नगण्य. डावीकडे बाहेर काहीच दिसेना. मॅग्नेटोचं कव्हर काढलं, रोटर आणि प्लेट काढली, मागे साबणपाणी सोडलं. क्रँकच्या शाफ्टभोवती दाढीच्या फेसासारखा फेस उसळला.

पुन्हा निर्णय. हा सील बाहेरून उकरून काढून नवा ठोकून देणारे मिस्त्री भेटतात. अर्ध्या दिवसाचं काम. दुसरा मार्ग म्हणजे इंजिन उतरवून क्रँककेस उघडायची. काकांना पहिला हवा होता, मलाही. मुलाने विचारलं, "पण सील नवा होता ना? मग तो गेला कसा?" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. म्हणून इंजिन उघडलं.

सील खरंच नवा होता. मिस्त्री खोटं बोलले नव्हते. पण तो ज्या जागी शाफ्टवर फिरतो, तिथे शाफ्टला गंजाचे खड्डे होते. बोटाच्या नखाला लागतील एवढेच, डोळ्यांना फक्त काळे ठिपके. २००५च्या पाण्याने पाडलेले. गंज पॉलिशने निघून गेला होता, खड्डे राहिले होते, आणि प्रत्येक फेरीला ते नव्या सीलची कड किसत होते. नवा सील बाहेरून ठोकला असता तर तोही पाचशे किलोमीटरच्या आत गेला असता.

शाफ्टवर त्या जागी पातळ स्टीलची स्लीव्ह चढवली, वर नवा सील, बसवताना कडेला ग्रीस. उजवाही बदलला. डावीकडे बोअर वाढवून मोठा पिस्टन घालावा लागला नाही. बारीक होनिंग (सिलिंडरची आतली भिंत घासणं) आणि नवी रिंग, बस्स. पुन्हा बीपीचं मशीन: सहा मिनिटांत ३००वरून २८०.

ट्यूनिंग, यावेळी क्रमाने

आधी कार्बला हातच लावला नाही. दोन्हीकडचं कॉम्प्रेशन, मग पॉइंटचा गॅप ०.३५ मिलिमीटर, मग डायल गेजने प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगवेगळं, पिस्टन वरच्या टोकापासून २ मिलिमीटर खाली असताना ठिणगी. दोन पॉइंट म्हणजे दोन टायमिंग, हे लोक विसरतात आणि मग एका बाजूला ट्यूनिंग "लागत नाही".

औषधाचा डबा उघडला. किटमधली सुई आणि जुनी सुई काचेवर शेजारी ठेवून ट्यूबलाइटखाली बघितल्या. टोकं सारखी, पण नव्या सुईचा उतार वर सुरू होत होता आणि अंगावर नंबरच नव्हता. मायक्रोमीटरने मधली जाडी मोजली, फरक होता. म्हणजे मधल्या रेसला पेट्रोल किती जाईल ते किट बनवणाऱ्याच्या मर्जीवर. जुनं पितळ परत गेलं. किटमधली फक्त रबरं आणि फ्लोटच्या सुया ठेवल्या.

मग दोन्ही स्लाइड एकदम उचलल्या जातात का ते. ३ मिलिमीटरचे दोन ड्रिल बिट घेतले, एकेका स्लाइडखाली अडकवले, मूठ हळूहळू फिरवली. दोन्ही बिट एकाच क्षणी सैल होऊन पडले पाहिजेत. डावा आधी पडत होता, केबलचा नट पाऊण फेरी फिरवल्यावर टक-टक एकत्र आवाज आला. यानंतरच ऑइल पंपाच्या कप्पीवरची खूण जुळवायची, कारण पंपाची केबलही त्याच मुठीतून जाते.

आयडलसाठी एअर स्क्रू दोन्हीकडे दीड फेरीवर. एका प्लगची वायर काढून जमिनीला (म्हणजे इंजिनाच्या अंगाला) टेकवायची, एकट्या सिलिंडरवर गाडी कशी रडते ते ऐकायचं, मग दुसरीकडे तसंच. दोघं सारखं रडले की झालं.

शेवटी चाचणी. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, किल स्विच आणि क्लच एकदम, आणि थांबून प्लग बघणं. यासाठी मोकळा रस्ता हवा. सी लिंक आणि कोस्टल रोडवर दुचाकीला मनाई, त्यामुळे पहाटे साडेपाचला पुन्हा द्रुतगती मार्गाची मुलुंडकडची बाजू. दोन्ही प्लग थोडे फिके. पण दोन्ही *सारखेच* फिके, आणि तापमानात पाच अंशांचाही फरक नाही.

हा फिकेपणाचा आजार मात्र खरा कार्बचा होता. किंवा पेट्रोलचा म्हणा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. १९८६च्या जेटला हे ठाऊक नाही. दोन्हीकडे क्लिप एक खाच खाली आणि मेन जेट एक नंबर मोठा. पुढच्या फेरीला दोन्ही प्लग बिस्किटाच्या रंगाचे.

निकाल

नऊशे किलोमीटर झाले. आयडल बाराशेवर, रेस सोडली की खाली. पहिले पाचशे किलोमीटर पंप चालू असूनही टाकीत थोडं तेल मिसळलं होतं, ते आता बंद. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेत पाणीच जास्त, म्हणून काका आठवडाभर गाडी काढणार नसतील तर पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोटच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत इंजिन चालवतात. उजव्या मॅनिफोल्डचं रबर बदलायचं राहिलंय.

पुन्हा करायचं झालं तर

बुडालेल्या गाडीचं इंजिन माझ्याकडे येण्याआधी "सील नवे" एवढ्यावर विश्वास ठेवणार नाही. सील कशावर बसलाय, ते विचारीन. दाबाची चाचणी कार्ब बसवण्यापूर्वी करीन. तिला लागतो अर्धा दिवस, मी घालवले तीन शनिवार आणि एक रिंग.

जुनं पितळ वाईट ठरल्याशिवाय नवं टाकणार नाही.

आणि एका बाजूचं सेटिंग दुसऱ्यापासून अर्ध्या फेरीपेक्षा जास्त लांब जायला लागलं की पाना खाली ठेवीन. मिस्त्रींना मी हे सगळं दाखवायला गेलो होतो, भांडायला नाही. त्यांनी शाफ्टवरून नख फिरवलं, काही बोलले नाहीत, चहा मागवला. मग विचारलं, "ते बीपीचं मशीन केवढ्याला मिळतं?"